तुम्ही विचारलंत म्हणून: पैसे संशोधनाला द्यावेत की कुटुंबांना?

लहान मुलांच्या कॅन्सरसाठी देणगी द्यायचं ठरवलेला माणूस हमखास विचारतो, "संशोधनाला दिले तर उद्याची मुलं वाचतील, कुटुंबाला दिले तर आजचं मूल. मग द्यावेत कुठे?" प्रश्न रास्त आहे, पण ही दोन खाती वाटतात तितकी वेगळी नाहीत.

मुलांमध्ये सर्वांत जास्त आढळणारा कॅन्सर म्हणजे अक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया, रक्ताच्या कॅन्सरचा एक प्रकार. त्याचे उपचार दोन ते तीन वर्षं चालतात. सुरुवातीचे महिने इस्पितळाच्या फेऱ्यांत जातात. नंतर बराच काळ घरी गोळ्या, मर्कॅप्टोप्युरिन रोज आणि मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदा. केस परत आलेले असतात, मूल खेळत असतं, आणि नेमके तेव्हाच डोस चुकायला लागतात. शंभरातले ९५ पेक्षा कमी डोस पोटात गेले तर आजार उलटण्याचा धोका वाढतो, असं अभ्यासांत दिसलं आहे. महिन्यात दोन दिवस गोळी राहिली तरी आपण ९५ च्या खाली येतो. औषध प्रयोगशाळेनं दिलं; ते रोज पोटात जावं यासाठी प्रवासखर्च, आठवण करणारा फोन आणि पालकांच्या बुडालेल्या रोजगाराची थोडी भरपाई लागते.

तापाचंही तसंच. केमोनंतर (कॅन्सरवरच्या औषधांनंतर) रक्तातल्या पांढऱ्या पेशी घटलेल्या असताना ताप आला, तर पहिलं अँटिबायोटिक इस्पितळात पोचल्यापासून तासाभरात शिरेतून जायला हवं. घर सहा तासांवर असेल तर तो तास सुरू व्हायलाच उशीर होतो. म्हणून इस्पितळाजवळचा फुकट निवारा ही निव्वळ दया नसते, उपचाराचाच भाग असतो. चांगल्या संस्था घरी जाणाऱ्या मुलाबरोबर एक छोटी पिशवी देतात: थर्मामीटर, आणि एक कार्ड. कार्डावर मुलाचं नाव, आजार, शेवटच्या केमोची तारीख, वॉर्डाचा चोवीस तास चालू असलेला नंबर, आणि 'ताप ३८ अंश सेल्सिअस झाला की थेट या' अशी ओळ. खाली आणखी एक: 'निघताना फोन करा, पॅरासिटामॉल देऊन ताप दाबू नका'. छपाईचा खर्च नगण्य. पण अनोळखी दवाखान्यात रात्री दोन वाजता तेच कार्ड बोलतं.

जगात दरवर्षी सुमारे ४ लाख मुलामुलींना कॅन्सर होतो. श्रीमंत देशांत त्यातली ८० टक्क्यांहून अधिक बरी होतात, अनेक गरीब देशांत ३० टक्क्यांहून कमी. या तफावतीतला मोठा वाटा उशिरा झालेल्या निदानाचा, औषधांच्या तुटवड्याचा आणि अर्धवट सुटलेल्या उपचारांचा आहे. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१८ मध्ये या प्रश्नावर मोहीम सुरू केली. २०३० पर्यंत जगभर किमान ६० टक्के मुलं वाचावीत हे तिचं लक्ष्य.

मग संशोधनाला पैसा नकोच? हवा, आणि मोठ्या प्रमाणात हवा. मुलांचे कॅन्सर मोठ्यांच्या कॅन्सरहून जैविकदृष्ट्या वेगळे असतात आणि रुग्ण थोडे, त्यामुळे औषध कंपन्यांना ही बाजारपेठ आकर्षक वाटत नाही. ती जागा देणग्यांनी भरली. १९४७-४८ मध्ये बोस्टनला डॉक्टर सिडनी फार्बर यांनी अमिनोप्टेरिन हे औषध देऊन ल्युकेमिया तात्पुरता मागे हटवून दाखवला. पुढच्या कामासाठी १९४८ मध्येच जिमी फंड हा देणग्यांचा निधी उभा राहिला, तोही रेडिओवरच्या आवाहनातून. १९६२ मध्ये मेम्फिसला सुरू झालेल्या सेंट ज्यूड रुग्णालयानं संशोधन आणि कुटुंबाला बिल न देणं या दोन्ही गोष्टी एकाच छताखाली ठेवल्या. तिथे ल्युकेमिया झालेल्या मुलांच्या मेंदूला रेडिएशन देण्यानं बरं होण्याचं प्रमाण वाढलं. पुढे त्याचे दुष्परिणाम लक्षात आल्यावर ते बहुतेक मुलांसाठी वगळता आलं, हेही संशोधनच. नवं औषध शोधण्याइतकंच जुनं कमी करणं मोलाचं.

देणगीदारांना मात्र सूक्ष्मदर्शकावर आपलं नाव हवं असतं. प्रत्यक्षात नव्या उपचाराची चाचणी अडते ती डेटा मॅनेजरच्या, म्हणजे नोंदी ठेवणाऱ्याच्या, पगाराशी. एका इस्पितळात एखाद्या दुर्मिळ गाठीची वर्षाला दोन-तीनच मुलं येतात, म्हणून अनेक देशांची केंद्रं जोडावी लागतात आणि प्रत्येक केंद्रावर नोंदी ठेवणारं माणूस लागतं. गाठीचे नमुने उणे ८० अंशांच्या फ्रीझरमध्ये असतात. त्याला रात्रीही वाजणारा अलार्म आणि पर्यायी वीज लागते. ती नसेल तर कित्येक वर्षांचे नमुने एका रात्रीत वाया जातात. अशा खर्चासाठी 'कुठेही वापरा' असं सांगून दिलेला पैसा सर्वांत उपयोगी पडतो.

प्रेमानं दिलेलं वायाही जातं. मऊ फरची खेळणी धुता येत नाहीत, त्यामुळे वॉर्डात नको असतात. फुलंही नकोत. वाढदिवसाला एकाच दिवशी मोठं रक्तदान शिबिर भरतं. पण प्लेटलेट्स (रक्तस्राव थांबवणाऱ्या रक्तातल्या पेशी) साधारण पाच दिवसच टिकतात. त्यापेक्षा वीस जणांनी आळीपाळीनं महिनाभर यावं. एका मुलाच्या नावानं निधी गोळा करत असाल तर उरलेल्या रकमेचं काय करायचं हे पहिल्याच दिवशी लिहून ठेवा. नंतर तो विषय काढणं कुणालाच जमत नाही.

संस्था निवडताना 'प्रशासकीय खर्च किती टक्के' एवढंच विचारू नका. अनुदानाचे अर्ज बाहेरचे तज्ज्ञ तपासतात का, फसलेल्या प्रयोगांचे निष्कर्ष छापले जातात का, मदत घेतलेल्या किती मुलांनी उपचार पूर्ण केले, हे विचारा. शेवटच्या प्रश्नाला फोटो दाखवून उत्तर देणाऱ्या संस्थेपासून जरा जपून.

आणखी एक, बिनखर्चाचं. मूल गेल्यावर त्या घरी संस्थेचं छापील आवाहनपत्र किंवा मुलाच्या नावाचं वाढदिवसाचं कार्ड जाता कामा नये. निधनाची नोंद वॉर्डात होते, पत्त्यांची यादी असते कार्यालयात, आणि दोन्हींचा मेळ घालणं कुणाच्याच कामात लिहिलेलं नसतं. ते एका माणसाच्या नावावर लिहून टाकावं. सहा आठवड्यांनी आई-वडिलांना करायचा फोनही त्याच माणसाच्या यादीत असावा, आणि भावंडांची नावंही.