डोंगर फोटोत एवढासा का होतो?

समोर आभाळाला भिडलेला डोंगर फोनमध्ये टेकाडाएवढा दिसतो आणि खापर कॅमेऱ्यावर फुटतं. त्या बिचाऱ्याने प्रमाण बरोबरच टिपलेलं असतं. चुकतं ते आपलं फोटो बघायचं अंतर.

हिशोब सोपा आहे. मोठ्या कॅमेऱ्यातला फुलफ्रेम सेन्सर, म्हणजे चित्र टिपणारी पट्टी, ३६ मिमी रुंद असतो. फोटो त्याच्या जितके पट रुंद, तितक्या पटीने फोकल लेंथ (लेन्स दृश्य किती जवळ आणते ते सांगणारा मिमीमधला आकडा) वाढवायची. तेवढ्या अंतरावरून फोटो बघितला, तर प्रत्येक वस्तू डोळ्याशी मूळ दृश्याइतकाच कोन करते. फोनचा मुख्य कॅमेरा साधारण फुलफ्रेमवरच्या २६ मिमी लेन्सच्या तोडीचा. आडव्या फोनवर फोटो १४ सेंमी रुंद, म्हणजे ३.९ पट, अंतर आलं सुमारे १० सेंमी. आपण फोन धरतो ३० सेंमीवर. डोंगर एक तृतीयांश होणारच! १० सेंमीवर बहुतेकांची नजर ठरत नाही, म्हणून तोच फोटो ९० सेंमी रुंद छापून ६५ सेंमीवरून बघावा.

दूरचं जवळ आणणाऱ्या टेलीफोटो लेन्सचं उलटं. २०० मिमी लेन्सने काढलेल्या फोटोची ३० सेंमी रुंद प्रिंट बघायला हवी १.६७ मीटरवरून. ती हातात घेतली की पुढचं-मागचं एकमेकांना चिकटतं. ‘लेन्स खोली दाबते’ हे म्हणणं मला कधीच पटलेलं नाही. त्याच जागेवरून २४ मिमी लेन्सने फोटो काढून मधला तुकडा क्रॉप करा. खोली तीच येते, फक्त तपशील कमी. ठरवते ती कॅमेऱ्याची जागा. सेल्फीत नाक ३० सेंमीवर आणि कान ४२ सेंमीवर असेल, तर नाक कानाच्या मानाने १.४ पट फुगतं. दीड मीटरवर जा, हा फरक जेमतेम ८ टक्के उरतो.

आता दोन डोळे. त्यांच्यात सुमारे ६.३ सेंमी अंतर, त्यामुळे प्रत्येकाला समोरचं किंचित वेगळं दिसतं. खोली त्या फरकातूनही कळते, हे चार्ल्स व्हीटस्टन या ब्रिटिश शास्त्रज्ञाने १८३८ मध्ये दाखवून दिलं. फोटोत तो फरक नाही आणि डोकं हलवलं तरी जवळचं झाड मागच्या भिंतीवरून सरकत नाही. कागद सपाट आहे, ही चुगली दोन्ही डोळे मिळून करतात.

म्हणून एक डोळा मिटा. कागदाची नळी करून दुसऱ्याला लावा, फोटोच्या कडा दिसेनाशा करा आणि डोकं स्थिर ठेवून थोडा वेळ बघत राहा. रस्ता आत जायला लागतो. नाहीच गेला, तर बहुधा चकचकीत कागदावरची चमक आड येत असते. दिवा बाजूला सरकवा किंवा मॅट प्रिंट घ्या.