आमची वाटचाल : डुलती फळी आणि एकच पिल्लू

कोथरूडमधील एका पत्र्याच्या शेडमध्ये आम्ही कुत्र्यांच्या पिल्लांचा वर्ग सुरू केला, तेव्हा भांडवल म्हणजे काथ्याची चटई, स्टीलची परात आणि जाड प्लायखाली अर्धा रबरी चेंडू बसवून मी घरीच तयार केलेली डुलती फळी, एवढेच होते. ती फळी आजही वापरात आहे. फळी कलली तरी पिल्लाने पाय मागे घेतला नाही, की त्या दिवसाचे काम झाले असे मी मानतो.

तिसऱ्या ते बाराव्या-चौदाव्या आठवड्यात जे दिसते, ऐकू येते, ते पिल्लू सहज आपलेसे करते, आणि लसीकरण तर सोळाव्या आठवड्यापर्यंत चालते; तोवर थांबले तर ही वेळ निघून जाते. म्हणून पहिल्या डोसनंतर सात दिवसांनी आम्ही प्रवेश देत आलो. याच नियमावरून आम्ही बुडता बुडता वाचलो. पहिल्यांदाच आलेले एक पिल्लू दुसऱ्याच दिवशी पार्व्हो या कुत्र्यांतील संसर्गजन्य विषाणूने आजारी पडले. लागण झाल्यावर लक्षणे दिसायला बहुधा तीन ते सात दिवस लागतात, म्हणजे ते आजार घेऊनच आले होते. तरीही मी त्याच संध्याकाळी सर्व पालकांना कळवले, दोन आठवडे वर्ग बंद ठेवला आणि एकास तीस प्रमाणात ब्लीच मिसळलेल्या पाण्याने सारी जागा दहा-दहा मिनिटे भिजवून धुतली. (फिनाइलवर विसंबू नका, पार्व्हो त्याला दाद देत नाही.) दुसरे एकही पिल्लू आजारी पडले नाही. परंतु परिसरातील एका प्रशिक्षकाने सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप गटांवर आमच्याकडे पार्व्हो मिळतो असे पसरवले आणि सहा महिने पिल्लू घराबाहेर काढू नका असा सल्ला दिला; पुढे अशी घरात कोंडून भेदरलेली कुत्री सुधारण्याचे पैसेही त्याने घेतले. हे मी विसरलेलो नाही.

वर्गातील सात पिल्लांपैकी एकच परत आले, एका निवृत्त शिक्षिका बाईंची कारवान जातीची कुत्री. या जातीला परक्याचा हात खपत नाही, हे जाणकारांना सांगायला नको. पाच रविवार मी तिचा पंजा क्षणभर उचलायचा, उकडलेल्या कोंबडीचा कण द्यायचा आणि पंजा सोडायचा, एवढेच केले. पाचव्या रविवारी नखाला नेलकटर टेकला, तेव्हा तिने पाय न ओढता माझे मनगट चाटले.

पुढची वर्षे सुरळीत गेली. नव्या पालकांना एवढेच सांगेन, की आठ आठवड्यांच्या आतले पिल्लू घेऊ नका, लसी पूर्ण होईपर्यंत त्याला कडेवर घेऊन चौक दाखवा, आणि त्याने तोंड फिरवले तर तिथेच थांबा.

ती कारवान आता दहा वर्षांची आहे. नव्या तुकडीच्या पहिल्या दिवशी बाई तिला आजही घेऊन येतात, आणि सर्वांसमोर ती माझ्या हातात पंजा देते.