जिनातला गोंगाट आणि अडलेला एक कागद: माझा अनुभव

आमचं जिनिंग, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करायचा कारखाना, हिंगणघाटच्या पट्ट्यात. दिवाळीनंतर आवक वाढली की रेचे, म्हणजे सरकी काढायची यंत्रं, दिवसरात्र चालतात, आणि आमच्या ऑफिसात न् रेच्यांत आड होती फक्त टिनाची भिंत. काट्यावरचा पोरगा वजन सांगणार तेही ओरडून. शेतकऱ्याला वाटे हा आपल्यावर खेकसतो, तिथून वादावादी. रेच्यात कापूस टाकणाऱ्या बाया पाळी सुटली की डोकं धरून बसत. एकदा एक जण म्हणाली, "ताई, घरी लेकरू बोललं तरी राग येते आता." त्याच दिवशी मी मालकांकडे गेले. ते म्हणाले, आवाजाच्या मोजणीचा कागद आणा, खर्च करू.

त्या कागदानंच सगळं अडवलं. शहरातल्या एका प्रयोगशाळेनं आधी पूर्ण पैसे घेतले. मग जीएसटी नंबर मागितला, मग लेटरहेडवर मालकाचं पत्र. पत्र दिलं तर शिक्का पुसट आहे म्हणून परत. सीझन ऐन भरात, बाया कानात रुईचे बोळे कोंबून उभ्या, आणि फोनवर एकच उत्तर, "माणूस फील्डवर आहे." तो आला तेव्हा नेमकं आभाळ आलेलं, आवक जवळजवळ नाही, बहुतेक रेचे बंद. त्यानं दारात उभं राहून मीटर धरलं, आकडे टिपले, चहा घेतला आणि गेला. अहवालात सगळं मर्यादेत! माझ्या अंगाची लाहीलाही झाली. दुरुस्ती मागितली तर म्हणे, पुन्हा मोजायचे पुन्हा पैसे. मी ऐकलं नाही. सगळे रेचे आणि पंखे चालू असताना, बाया उभ्या राहतात तिथंच, त्यांच्या कानाच्या उंचीवर मोजा, आणि किती रेचे चालू होते ते अहवालात लिहा, असं लेखी कळवलं. त्यावरही ताटकळत ठेवलंच. शेवटी नीट मोजणी झाली आणि आकडा ९५ डेसिबलच्या वर निघाला.

कारखान्यांच्या नियमांत ९० डेसिबलला आठ तासांची मर्यादा आहे, ९५ ला चार, १०० ला दोनच. आमच्या बाया तिथं पूर्ण पाळी उभ्या! मालकांनी तो कागद वाचला आणि फिटरला बोलावलं.

पुढचं भराभर झालं. झिजलेल्या बेअरिंगा बदलल्या, कापूस ओढणाऱ्या पंख्याचा तोल साधला, पंखा आणि पाइपाच्या मध्ये कॅनव्हासचा जोड दिला, ऑफिसची भिंत विटांची केली. फरक पहिल्याच पाळीत कळला, मला फार बरं वाटलं.

कानात नुसती रुई घालून भागत नाही, चांगले इअरप्लग द्या. कानांची तपासणी पाळीच्या आधी, सकाळी करा. कामावरून उठून गेलं की काही वेळ तसंही कमी ऐकू येतं, त्यामुळे खरं कळत नाही. गोंगाटानं येणारा बहिरेपणा १९४८ च्या कारखाना अधिनियमाच्या तिसऱ्या अनुसूचीत, म्हणजे सरकारला कळवायच्या रोगांच्या यादीत होता, आणि त्या कायद्याच्या जागी आलेल्या २०२० च्या संहितेतही आहे, हे मालकांना जरूर दाखवा. मीटरच्या कॅलिब्रेशनचा, म्हणजे मीटर बरोबर आकडा दाखवतं याचा, दाखला बघितल्याशिवाय माणसाला आत सोडू नका. आणि सगळे पैसे आधी देऊ नका, निम्मे पैसे अहवाल वाचून झाल्यावर द्या.