रोटी चनाई अपडेट: गोळा जमला, उडवणं लांबणीवर

तर मंडळी, रोटी चनाईचा (मलेशियातली पदर सुटणारी मैद्याची रोटी) गोळा आता हाताने ओढून ओट्यावर चांगला दीड फूट पसरतोय, इतका पातळ की खालच्या ग्रॅनाइटचे ठिपके आरपार दिसतात, आणि भोक पडलंच तर कडेला एखाददुसरं. इथले रोटीवाले झोका देऊन उडवतात तसा हवेत उडवत मात्र नाहीये. ते सध्या मुद्दाम बंद ठेवलंय, व्हिडिओ कुठे व्हिडिओ कुठे म्हणून जे मागे लागलेत त्यांना हेच उत्तर, कारण खाली सांगते.

नवीन लोकांसाठी थोडक्यात: आम्ही पेटालिंग जायात राहतो, क्वालालंपूरला लागूनच. बिल्डिंगमधून उतरलं की कोपऱ्यावर मामाक आहे, म्हणजे तमिळ मुस्लिम लोकांचं हॉटेल, दिवसरात्र चालू, प्लास्टिकच्या खुर्च्या फुटपाथपर्यंत आलेल्या, रात्री मॅच असली की मोठा स्क्रीन. तिथे साधी रोटी, जिला कोसोंग म्हणतात, ती दीड-दोन रिंगिटला मिळते. मग घरी कशाला करतेस बाई हा प्रश्न नवऱ्याने विचारून झालाय, सासूबाईंनी विचारून झालाय, तुम्ही विचारू नका.

प्रमाण जे आता पक्कं केलंय ते असं. मैदा ५०० ग्रॅम, मीठ दीड छोटा चमचा, कंडेन्स्ड मिल्क एक मोठा चमचा, तूप दोन मोठे चमचे, पाणी २७० ते २८० मिली. अंडं काही जण घालतात काही नाही, मी नाही घालत, नसल्याने काही अडत नाही. पीठ एकत्र करून आधी पंधरा-वीस मिनिटं नुसतं झाकून ठेवायचं, मग मळायला घ्यायचं, अर्धं काम आपोआप झालेलं असतं. मळून कानाच्या पाळीइतकं मऊ झालं की गोळे, साधारण ८० ग्रॅमचा एक, दहा होतात. गोळा करायची मामाकवाल्यांची पद्धत बघण्यासारखी आहे, पिठाचा लांब गठ्ठा मुठीत धरतात आणि अंगठा नि तर्जनीच्या फटीतून गुळगुळीत गोळा पिळून वर काढतात, आपण लाडू वळतो तसं दोन तळव्यांत फिरवत बसत नाहीत. असा पिळला की वरचा पापुद्रा ताणला जातो आणि पुढे ओढताना सगळीकडे सारखा पसरतो. मग गोळ्यांना भरपूर तूप नाहीतर मार्जरीन चोपडून, डब्यात एकमेकांना चिकटणार नाहीत असे ठेवून वरून तेल ओतायचं, अगदी अंघोळ घालायची, कंजुषी नको. रात्रभर.

या रात्रभरवर मी अडून बसले आहे. सहा तासांच्या खाली गोळा रबरासारखा मागे येतो, तुम्ही कितीही जोर लावा. इथल्या गरमीत मामाकवाले बाहेरच ठेवतात कारण त्यांचे संपतात, आपले दहा काही एका सकाळी संपत नाहीत, म्हणून मी फ्रिजमध्ये ठेवते आणि करायच्या दोन तास आधी बाहेर काढते. तुपाचे गोळे फ्रिजमध्ये दगड होतात, मार्जरीनचे तेवढे होत नाहीत. इथे बहुतेक ठिकाणी प्लांटा नावाचं पिवळं मार्जरीन वापरतात, वास मला फारसा आवडत नाही पण तुम्हाला अगदी मामाकचीच चव हवी असेल तर मुकाट्याने तेच घ्या, तुपाने रोटी चांगली होते पण ती वेगळी होते.

आता उडवण्याचं. आमच्या मामाकमधला रोटीवाला अण्णा (त्याचं मलय आणि माझं मलय सारखंच मोडकं, त्यामुळे आमचं छान जमतं) सकाळी नऊनंतर जरा मोकळा असतो, तेव्हा मी तेह तारिक (इथला फेसाळ, दुधाचा चहा) घेऊन त्याच्या स्टीलच्या ओट्यासमोरच्या टेबलावर बसते आणि फक्त हात बघते. आधी तळव्याने गोळा दाबून दाबून थाळीएवढा करतो. मग डावा हात खाली, उजवा वर, दोन्हीकडे अंगठा नि बोटांच्या मध्ये कड धरलेली, आणि एक झोका. लोकांना झोका दिसतो. मी बरेच दिवस बघितल्यावर मला दिसलं ते असं की पीठ हवेत पसरतं त्याहून जास्त ओट्यावर पसरतं, लांबची कड तेलकट स्टीलवर आपटून चिकटते आणि त्याच क्षणी तो जवळची कड स्वतःकडे खेचतो, ताण तिथे बसतो. झोका कशासाठी, तर ती कड लांब पडावी म्हणून. मग मी म्हटलं कड लांब न्यायला हवेतच कशाला जायला हवं. तेल लावलेल्या ओट्यावर गोळा थापायचा, कड दोन बोटांनी उचलून बाहेर ओढायची आणि दाबून चिकटवायची, मग पुढची, असं घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरत जायचं. मधला भाग आपोआप पातळ होतो, जाड राहते ती कड, तिला शेवटी वेगळी ओढायची. अण्णाला मोबाइलवर दाखवलं तर तो हसला, म्हणाला "बोले, बोले", म्हणजे चालतंय. मला तेवढं पुरे. ज्यांना उडवायचंच आहे त्यांनी ओल्या पंच्यावर हात बसवा, पंचा फाटत नाही.

घडी घालताना हवा आत राहिली पाहिजे, म्हणून दाबायचं नाही, चार बाजू मध्ये आणून चौकोन करायचा, हलक्या हाताने. कोणी वळकटी करून चकलीसारखी गुंडाळतात, त्याने पदर जास्त सुटतात, पण मग ती केरळच्या परोट्याकडे झुकते आणि मला ती नकोय. तवा मध्यम, तेल थोडं, दोन्हीकडून बदामी डाग. आणि काढल्या काढल्या, गरम असतानाच, दोन तळव्यांत धरून कडेने टाळी वाजवायची, दोन-तीन वेळा. हात भाजतात हो. पण टाळीशिवाय पदर मोकळे होत नाहीत, रोटी चपटी चामट राहते. मुलगा हे काम आवडीने करतो, त्याला वाटतं आपण टाळ्या वाजवतोय म्हणून आईचं कौतुक चाललंय.

सोबतची डाळ अजून पन्नास टक्केच. बटाटा, मोहरी, कढीपत्ता, थोडा सांबार मसाला सगळं घातलं तरी ती आपली आमटीच लागते, चांगली लागते पण आमटी लागते. मामाकमध्ये डाळीवर करीचा रस्सा ओततात, तेही दोन-तीन प्रकारचे एकत्र, आणि रोटीचे तुकडे करून सगळंच वरून घातलं की त्याला बांजिर म्हणतात, म्हणजे पूर आलेला. ती जी चव असते ती एका भांड्यात शिजत नाही बहुतेक. शाकाहारी मंडळींसाठी इथेच एक सूचना, डाळ साधी आहे की डालचा हे विचारून घ्या, डालच्यात मटणाची हाडं असू शकतात. आणि नासी लमाकच्या, म्हणजे नारळाच्या दुधातल्या भाताच्या, साम्बालमध्ये (मिरचीची चटणी) वरून काही दिसलं नाही तरी आत बलाचान, म्हणजे सुक्या जवळ्याची पेस्ट, असतेच असते. सासूबाईंचे सोमवार-गुरुवार सांभाळायला सगळ्यात उपयोगी पडली ती चिनी शाकाहारी दुकानं, बौद्ध लोकांची, बऱ्याच ठिकाणी कांदा-लसूणसुद्धा नसतो. फक्त चिनी महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी जाऊ नका, त्या दिवशी बरेच जण मांस खात नाहीत, बसायला जागा मिळत नाही.

तेह तारिक मात्र जमला! चहाची पत्ती नाही, भुकटीच हवी, ती कापडी लांब गाळणीत उकळत्या पाण्याने काळीकुट्ट काढायची, कंडेन्स्ड मिल्क आणि थोडं इव्हॅपोरेटेड मिल्क (बिनसाखरेचं आटवलेलं दूध), आणि मग एका मगातून दुसऱ्यात हातभर उंचीवरून ओतायचं. फेस येण्यापेक्षाही चहा पिण्यालायक गरम होतो हा त्याचा खरा फायदा. एक गंमत, इथे स्वस्त डब्यावर दूध असं लिहिलेलंच नसतं, क्रीमर लिहिलेलं असतं आणि आत पाम तेल असतं. मी खऱ्या दुधाचा डबा आणून केला तर नवरा म्हणाला कोपऱ्यावरच्यासारखा नाही लागत. पाम तेलाचा आणला, म्हणाला आता लागतो. यावर मी काय बोलणार. मामाकमध्ये मागवताना "कुरांग मानिस" सांगायला विसरू नका, म्हणजे साखर कमी, तरी गोडच येतो.

आणि हो, २०२४ च्या डिसेंबरमध्ये युनेस्कोने मलेशियाची नाश्त्याची संस्कृती आपल्या यादीत घेतली, त्यात नासी लमाक, रोटी चनाई आणि तेह तारिक हे तिघंही आहेत. म्हणजे माझा छंद आता अमूर्त वारसा झालाय, घरात हे ऐकवून झालं, परिणाम शून्य.

मध्ये उत्तरेकडच्या इपोह शहरात जाऊन आलो, केएल सेंट्रलवरून, म्हणजे क्वालालंपूरच्या मुख्य स्टेशनवरून, ईटीएस नावाची जलद ट्रेन, अडीच तासांच्या आसपास. स्टेशनच १९१७ सालचं, पांढरं घुमटवालं, लोक त्याला इपोहचा ताजमहाल म्हणतात, सासूबाई म्हणाल्या बरं आहे. जुन्या गावात व्हाइट कॉफी प्यायलो. बिया मार्जरीनमध्ये भाजतात आणि त्यात साखर घालत नाहीत, नेहमीच्या कोपीत (इथली कॉफी) साखर घालून काळ्या होईपर्यंत भाजतात, म्हणून ही रंगाला फिकट आणि कडवटपणा कमी. कोपितियाममध्ये, म्हणजे इथल्या जुन्या पद्धतीच्या कॉफीच्या दुकानात, जाणाऱ्यांनी हे लक्षात ठेवा की पेयं दुकानदाराकडून आणि खाणं आतल्या वेगवेगळ्या गाड्यांवरून, पैसेही वेगवेगळे, एकालाच सगळं सांगत बसू नका. परत आल्यावर इथल्या एका नव्या कॅफेत (नाव नको) रोटीवर आइस्क्रीम आणि खाण्याची फुलं घालून काहीतरी अठ्ठावीस रिंगिटला दिलं, रोटी फ्रोझन होती, कडेला बर्फाची चव. असो.

या अपडेटमधली खरी मजा चेंडोलची आहे आणि ती माझी नाहीच. बुधवारी तामान कॉनॉटचा पासार मालाम असतो, रात्रीचा बाजार, लांबच लांब, एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला जाईपर्यंत पोट भरतं. मुलाने आपाम बालिक घेतलं, शेंगदाणा-साखर-मका घातलेलं कुरकुरीत धिरडं, आणि सासूबाईंसमोर मी चेंडोलचा वाडगा ठेवला. किसलेला बर्फ, नारळाचं दूध, गुला मलाका आणि हिरव्या शेवया. त्यांनी एक चमचा तोंडात घातला, चमच्यावरची शेवई निरखून बघितली आणि म्हणाल्या, "गो, हे आमचेच शिरवाळे मा? हिरवे कित्याक?"

बरोबर आहे ना! त्या कुडाळच्या. तांदळाच्या पिठाच्या शेवया, नारळाचा रस, गूळ, फक्त आपल्याकडे वेलची आणि इथे पांदानची सुवासिक हिरवी पानं नि बर्फ. गुला मलाकाही माडाच्या रसाचाच गूळ, गोव्यात माडाचं गोड म्हणतात तोच प्रकार, काळपट, जरा धुरकट. झालं, दुसऱ्या दिवशी ओटा त्यांच्या ताब्यात आणि मी हाताखाली.

पांदानची पानं पाणी घालून वाटली, पिळून रस रात्रभर फ्रिजमध्ये ठेवला. सकाळी वर फिकट पाणी आणि तळाशी गडद हिरवा गाळ, वरचं ओतून द्यायचं, रंग आणि वास सगळा गाळात असतो. तांदळाचं पीठ तीन वाटे, टॅपिओकाचं एक, रस, पाणी, आणि दोन चमचे चुन्याची निवळी, तिच्याने शेवई टणक राहते. मंद आचेवर घोटत राहायचं, आधी पातळ, मग गुठळ्या, मग एकदम चकचकीत घट्ट, चमचा उभा राहील असं. इथे दुकानात त्यासाठी भोकांचा झारा मिळतो पण सासूबाईंनी चकलीचा सोऱ्या मागितला, शेवेची जाड ताटली लावली आणि खाली बर्फाचं पाणी ठेवून गरमागरम दाबलं. शेवया दोन-दोन इंचांवर आपल्या आपण तुटत होत्या, त्यांना ते पटेना, शिरवाळे कसे लांब हवेत, पण चेंडोलला आखूडच हव्यात. त्यावरून थोडं वाजलं. नारळाच्या दुधात चिमूटभर मीठ घालायचं हे मात्र दोघींना मान्य होतं.

माझं मत, घरचा चेंडोल बाजारापेक्षा बरा झाला, मुख्य कारण गूळ. बाजारात गुला मलाकात पुष्कळदा साधी साखर मिसळलेली असते, घेताना वास घ्या, नुसता गोड वास आला तर ठेवून द्या.

पुढचं काम: रोटी तिसू, तो कागदासारखा उंच शंकू, त्याला माझा तवा लहान पडतोय, मोठा बिडाचा सपाट तवा इथे कुठे मिळेल हे ठाऊक असेल तर सांगा, ब्रिकफील्ड्समध्ये (क्वालालंपूरमधला भारतीय दुकानांचा भाग) विचारून आले, तिथे सगळे डोशाचे नॉनस्टिकच दाखवतात. आणि डाळीबद्दल कोणाकडे काही ठोस असेल तर लगेच लिहा, सासूबाई आणखी आठवडाभर आहेत.