कोलोनोस्कोपीची तयारी: पहाटेचा दुसरा लिटर

कोलोनोस्कोपी म्हणजे मोठं आतडं दुर्बिणीने आतून तपासणं. त्यातला अवघड भाग टेबलावर नसतो, घरी पोट साफ करण्यातच असतो. माझी वेळ सकाळी दहाची होती; खालचं वेळापत्रक त्या हिशेबाने.

दोन दिवस आधी बिया, साली, कडधान्यं, कोशिंबीर बंद. नागपुरात याचा अर्थ तर्री-पोहे बंद (त्यात हरभरे), जवसाची चटणी बंद. दुर्बिणीच्या शोषनळीत नेमक्या बियाच अडकतात. मऊ भात, दही, साल काढलेला उकडलेला बटाटा चालतो. लोहाच्या गोळ्या मळ काळा, चिकट करतात. त्या डॉक्टरांनी आठवडाभर आधीच थांबवल्या. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या मात्र स्वतःच्या मनाने थांबवायच्या नाहीत. आदल्या दिवशी नारळपाणी, गाळलेलं लिंबूपाणी, वरणावरचं निथळ पाणी, एवढंच. संत्र्याचा रस नाही, त्यात गर राहतो. बीट, कोकमही नाही, आतून रक्तासारखं दिसतं.

पोट साफ करणारी पावडर पीईजीची (पॉलिएथिलीन ग्लायकॉल): एक पाकीट, 2 लिटर पाणी. चव खारट-गुळचट, म्हणून फ्रीजमध्ये गार करून स्ट्रॉने प्यायलो. पहिला लिटर संध्याकाळी सहाला, दर पंधरा मिनिटांनी 250 मिली. घाईत प्यायलं की उलटी होते आणि तेवढं औषध वाया जातं. पूर्वी मॅनिटॉल हे साखरेसारखं रेचक देत. जीवाणू ते आंबवून हायड्रोजन तयार करतात, आणि पॉलिप (आतड्याच्या अस्तरावरची छोटी वाढ, जिचा पुढे कॅन्सर होऊ शकतो) विजेच्या तारेने कापताना स्फोटाचा धोका असतो. पीईजी आंबत नाही.

दुसरा लिटर पहाटे चारला. लोक हाच टाळतात, झोपमोड होते म्हणून. पण रात्रभर लहान आतड्यातून पित्त झिरपत राहतं आणि मोठ्या आतड्याच्या उजव्या बाजूला पिवळा चिकट थर बसतो. चपटे पॉलिप तिथेच जास्त, आणि थराखाली ते दिसत नाहीत.

आतड्याच्या कॅन्सरशी जोडलेल्या एका जीवाणूचा हिशेबही उजवीकडेच झुकतो. फ्युसोबॅक्टेरियम न्यूक्लिएटम मुळात तोंडातला, दातांच्या कीटणातला. 2012 मध्ये दोन संशोधक गटांना तो आतड्याच्या कॅन्सरच्या गाठींत शेजारच्या निरोगी भागापेक्षा जास्त सापडला. उजव्या बाजूच्या गाठींत त्याचं प्रमाण अधिक असतं. फॅड-ए प्रथिनाने तो पेशीला चिकटतो आणि तिला वाढीचा इशारा देतो. आतड्यातले काही ई. कोलाय जीवाणू कोलिबॅक्टिन नावाचं विष सोडतात, ते थेट डीएनएत बदल घडवतं. त्याची विशिष्ट खूण 2020 मध्ये माणसांच्या गाठींत ओळखली गेली. म्हणून कोणी अँटिबायोटिक घेऊन पोट ‘साफ’ करू नये. चोथा आंबवून ब्युटिरेट बनवणारे, आतड्याच्या अस्तराला पोसणारे जीवाणूही त्यात मरतात. आणि घरपोच जीवाणू-तपासणी किटने पॉलिप दिसत नाही, तो काढताही येत नाही.

तयारी झाली हे रंगावरून कळतं: लघवीसारखं पिवळट, आरपार दिसणारं पाणी. कॉफीसारखं गढूळ असेल तर निघण्याआधी फोन करून सांगावं. झोपेचं इंजेक्शन देतात, त्यामुळे त्या दिवशी स्कूटर चालवायची नाही. सोबत कोणीतरी हवंच. घरी आल्यावर आधी ताक-भात, ज्वारीची भाकरी दुसऱ्या दिवशीपासून.