330 मिनिटं

आज कोडच्या रिव्ह्यूमध्ये नवीन मुलीने विचारलं, "ही 330 कुठून आली?" आलेल्या वेळेतून 330 मिनिटं वजा करणारी ओळ. वर कॉमेंट नाही. कॉलवर क. आणि ज. दोघंही होते, त्यांचं आपसात पटत नाही, म्हणून बाकी सगळे गप्प. मीसुद्धा. तेव्हापासून तेच डोक्यात घोळतंय.

उत्तर साधं होतं. 330 मिनिटं म्हणजे साडेपाच तास, आपली वेळ आणि यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ, यांतला फरक. ऑर्डरची सर्व्हिस, म्हणजे क.ची, नुसतं 19:10 पाठवते, पुढे +05:30 नाही. जावा भाषेतलं लोकलडेटटाइम, म्हणजे नुसती तारीख-वेळ, वापरलं की टाइम झोन गळतोच. रिपोर्टची सर्व्हिस, म्हणजे ज.ची, सर्व्हरवरच्या कंटेनरमध्ये चालते, त्याचं घड्याळ यूटीसीवर. ती 19:10 ला यूटीसी समजते आणि रिपोर्ट काढताना त्यात साडेपाच तास मिळवते. संध्याकाळी साडेसहापासून पुढची प्रत्येक ऑर्डर दुसऱ्या दिवसाच्या हिशेबात. लॅपटॉपवर हे दिसणारच नाही, लॅपटॉप भारतीय वेळेवर असतो.

दुरुस्तीही सगळ्यांना ठाऊक आहे. आधी घेणाऱ्याने दोन्ही प्रकारच्या वेळा वाचायच्या, मग पाठवणाऱ्याने ऑफसेट, म्हणजे ते +05:30, जोडायचा, रांगेतले जुने मेसेज संपले की जुनी वाट बंद करायची. क्रम उलटला तर पार्सिंग, म्हणजे आलेली वेळ वाचणंच, फुटतं. पण आधी ज.ने हात लावला तर चूक ज.ची ठरते, आणि क.ने ऑफसेट जोडला तर क.ची. म्हणून दोघांच्या मध्ये ॲडॅप्टर, म्हणजे कोडचा जोडतुकडा, बसला, 330 वजा करणारा. तो कुठल्याच टीमचा नाही, त्याचा अलर्ट कोणालाच जात नाही. मग मोबाइलच्या वाटेवर कोणीतरी गुपचूप ऑफसेट जोडला. आता तिथे साडेपाच तास दोनदा वजा होतात, एकदा ऑफसेटमुळे, एकदा ॲडॅप्टरमध्ये, आणि मध्यरात्र ते पहाटे साडेपाचच्या ऑर्डरी आदल्या दिवशी जातात.

एवढं सगळं माहीत असून बोलता का येत नाही? "ऑफसेट नाहीये" म्हटलं की मी ज.चा. "घेणाऱ्याने आधी बदलावं" म्हटलं की क.चा. तांत्रिक वाक्य उच्चारायच्या आधी ते कोणाच्या बाजूचं वाटेल याचा हिशेब मनात होतो, आणि तो होईपर्यंत विषय पुढे गेलेला असतो. याचा फार थकवा येतो. कामाचा नाही, या हिशेबाचा. घरी विचारतात तेव्हा काय सांगायचं... असो.

मेल्विन कॉनवेने 1968 मध्येच लिहून ठेवलंय की संस्थेत माणसं एकमेकांशी जशी बोलतात, तशाच घडणीची यंत्रणा ती संस्था बनवते. आमच्याकडे बोलणं तुटलेलं आहे, म्हणून मध्ये ॲडॅप्टर आहे. ते वाचलं तेव्हा मान डोलावली होती. आज ते टोचतंय.

त्या दोघांचं जे आहे ते मागच्या रीऑर्गपासूनचं, टीमच्या फेररचनेपासूनचं. ते माझ्याने मिटायचं नाही, आणि मिटवणं माझ्याकडे दिलेलंही नाही. हे लिहिताना जरा हलकं वाटलं. ऑर्डरीची तारीख बरोबर पडणं मात्र माझ्याकडे आहे.

तेव्हा उद्या टेस्ट. चार वेळा: 18:29, 18:31, 23:45, 00:15. प्रत्येक वेळ एकदा ऑफसेटसह, एकदा ऑफसेटशिवाय, समोर अपेक्षित तारीख. या टेस्ट सामायिक रेपोत, म्हणजे कोडच्या साठ्यात, टाकायच्या आणि दोन्ही टीमच्या पाइपलाइनना, म्हणजे आपोआप होणाऱ्या तपासण्यांना, ॲडॅप्टरसकट चालवायला लावायच्या. बिल्ड पडली की कुठली वेळ चुकली ते दिसेल, माणसाचं नाव दिसणार नाही. मेल दोघांना एकाच 'टू'मध्ये. एकाला सीसीत टाकलं की नवीन भांडण. 00:15 ऑफसेटसह पहिल्याच फेरीत लाल येणार, म्हणजे नापास. येऊ दे, ती लाल यायलाच हवी.