दाजींच्या बोटीला हायड्रॉलिक स्टेअरिंग बसवलं त्याचा माझा अनुभव

माझं सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत होज पाइप प्रेस करायचं दुकान आहे. जेसीबी, ट्रॅक्टर, उसाच्या ट्रॉलीचे जॅक, कारखान्याचा सीझन सुरू झाला की रात्री अकरा वाजता पण गिऱ्हाईक दारात उभं असतं. त्यामुळं हायड्रॉलिक म्हणलं की मला वाटायचं आपल्याला त्यातलं सगळं येतं. म्हणून दाजींचा फोन आला, "आरं आपल्या बोटीचं स्टेअरिंग लई जड झालंय, तुझ्याकडलं ते हायड्रॉलिक बसतंय का बघ की", तेव्हा मी फोनवरच सांगून टाकलं, होऊन जाईल दाजी, दोन दिवसाचं काम आहे. प्रत्यक्षात दीड महिना गेला आणि त्यातले निम्मे दिवस मी जे गृहीत धरलं होतं ते चुकीचं निघालं म्हणून गेले, ते सगळं सविस्तर लिहितोय कारण मराठीत यावर मला काहीच वाचायला मिळालं नव्हतं.

दाजींचं गाव करमाळा तालुक्यात, उजनीच्या काठावर. १९८० ला धरण झालं तेव्हा त्यांची जुनी वस्ती आणि नदीकाठची जमीन पाण्यात गेली, आता वर थोडा ऊस आणि केळी आहे आणि बाकी घर मासेमारीवर चालतं. चिलापीचे क्रेट पलीकडं इंदापूरच्या बाजूला न्यायचे म्हणजे रस्त्यानं मोठा वळसा पडतो, पाण्यातनं थोडक्यात होतं. बोट फायबरची, सतरा फुटी, कोकणातनं सेकंडहँड आणलेली, मागं ६० एचपीचं आऊटबोर्ड मशीन, म्हणजे बोटीच्या मागं बाहेर लावलेलं पंख्यासकट इंजिन. आणि ही बोट दाजींच्या बरोबरीनं माझी अक्का पण चालवते, ही गोष्ट पुढं महत्त्वाची आहे.

उजनीचं पाणी लांबनं बघितलं तर तळं वाटतं, पण ११७ टीएमसीचं धरण आहे ते, वारा सुटला की लाटा उठतात आणि मधे आडोसा काहीच नाही. २१ मे २०२४ ला कुगाव ते कळाशी जाणारी बोट सोसाट्याच्या वाऱ्यात उलटली आणि सहा जण गेले. त्या दिवसापासनं अक्का पाण्यात असली की मला दुकानात चैन पडत नाही. त्या अपघाताचा स्टेअरिंगशी काही संबंध होता असं मी अजिबात म्हणत नाही, पण वाऱ्यात बोटीचं तोंड लाटेकडं धरून ठेवायचं असेल तर स्टेअरिंग ऐकलं पाहिजे, एवढं तर कुणालाही पटेल.

पहिल्यांदा गेलो तेव्हा बोट काठाला ओढून ठेवली होती. जुनं स्टेअरिंग केबलचं. म्हणजे व्हील फिरवलं की गिअरमधनं एक जाड केबल आत-बाहेर होते आणि मागं मशीनच्या टिल्ट ट्यूबमधनं, म्हणजे मशीन ज्या आडव्या नळीवर वर-खाली होतं तिच्यातनं, जाऊन मशीनला ढकलते किंवा ओढते. बोट आधी खाऱ्या पाण्यात चाललेली, त्या ट्यूबमधलं ग्रीस वाळून दगड झालेलं आणि केबलचा दांडा गंजून आतच धरलेला. दाजी म्हणले डावीकडं वळवायला दोन्ही हात लागतात, उजवीकडं आपोआप पळतं. हे "आपोआप पळतं" मला आधी बिघाड वाटला. नंतर कळलं की पंखा ज्या बाजूला फिरतो त्याच्या जोरानं मशीन एका बाजूला ओढ घेतंच, उजव्या फेऱ्याच्या पंख्याला व्हील उजवीकडं जायला बघतं. मशीनला पंख्याच्या वरच्या बाजूला मागं एक छोटी फिन असते ट्रिम टॅबची, ती थोडी फिरवून ही ओढ बरीच कमी करता येते. कुणाचं केबल स्टेअरिंग नुसतं एका बाजूला ओढत असेल तर खर्च करायच्या आधी ती फिन बघा, पाना लावायचं काम आहे फक्त.

खरं सांगायचं तर ट्यूब साफ करून नवीन केबल टाकली असती तरी बोट चालली असती आणि स्वस्तात झालं असतं. दाजींचं तेच म्हणणं होतं. पण अक्काचा उजवा खांदा धरलाय दोन वर्षांपासनं, आणि साध्या केबलमधे व्हीलवरचा हात सुटला की मशीन स्वतः व्हील फिरवतं, बोट गपकन वळते, उभा असलेला माणूस पाण्यात जाऊ शकतो. मी म्हणलं दाजी, पैसे मी घालतो पण हायड्रॉलिकच घालू. ते काही बोलले नाहीत, चहा सांगितला, म्हणजे हो.

आता माझी पहिली चूक. माझ्या डोक्यात ट्रॅक्टरचं पॉवर स्टेअरिंग. ट्रॅक्टरला इंजिनवर पंप असतो, तो प्रेशर देतो, आपण नुसतं व्हील फिरवून तेल कुठल्या बाजूला जायचं ते सांगतो. बोटीच्या साध्या हायड्रॉलिक स्टेअरिंगला इंजिनवर पंपच नसतो! व्हीलच्या मागं जो डबा असतो, त्याला हेल्म म्हणतात, तोच पंप. त्यात छोटे पिस्टन असतात, आपण व्हील फिरवलं की आपल्या हातानं तेल ढकललं जातं, एका पाइपमधनं मागं मशीन वळवणाऱ्या सिलेंडरच्या एका बाजूला जातं आणि दुसऱ्या बाजूचं तेल दुसऱ्या पाइपनं परत येतं. पॉवर असिस्टवाले वेगळे येतात, त्याला बॅटरीवरचा पंप असतो, पण आपल्या ६० एचपीला त्याची काही गरज नाही. तर हाताचंच बळ आहे, फक्त ते तेलातनं जातंय, हे एकदा डोक्यात बसलं की कुठलं घ्यायचं हे आपोआप सुटत जातं.

कारण मग प्रश्न एवढाच राहतो की एका फेऱ्यात किती तेल ढकलायचं. समजा सिलेंडर या टोकापासनं त्या टोकापर्यंत न्यायला १४० सीसी तेल लागतं आणि पंप एका फेऱ्याला २८ सीसी ढकलतो, तर १४० भागिले २८, पाच फेरे. तोच पंप ४० सीसीचा घेतला तर साडेतीन फेऱ्यात काम होतं पण व्हील त्या प्रमाणात जास्त जड लागणार. फुकटात काही मिळत नाही, फेरे कमी केले की जोर जास्त. दाजींना कमी फेरे पाहिजे होते, "जाळ्याजवळ पटकन फिरवावं लागतंय, पाच-पाच फेरे कोण घालत बसणार". अक्का चुलीपासनंच म्हणली, "तुम्हाला जमतंय वो, माझ्या खांद्याला इचारा की." पाच फेऱ्यांचा ठरला. आणि व्हील जुनं होतं तेच राहिलं, ते जरा मोठं आहे, मोठ्या व्हीलला पण हात हलका लागतो, आणि पाऊण इंची निमुळता शाफ्ट बऱ्याच कंपन्यांचा सारखाच येतो त्यामुळं नवीन हेल्मवर ते सरळ बसलं.

दुसरी गोष्ट जी मला सगळ्यात आवडली ती हेल्मच्या आतले लॉक व्हॉल्व्ह. आपण व्हील फिरवलं तरच ते उघडतात, मशीननं कितीही ओढ घेतली तरी तेल उलटं येत नाही, म्हणजे हात सोडला तरी मशीन आहे तिथंच राहतं. पण याची दुसरी बाजू पण समजून घ्या, गाडीचं व्हील वळणानंतर सोडलं की सरळ होतं तसं हे होत नाही. वळवून ठेवलं तर बोट वळतच राहणार, परत आपणच सरळ करायचं.

कंपन्या बघितल्या तर सीस्टार, जी आता डोमेटिककडं आहे, आणि इटलीची अल्ट्राफ्लेक्स ही नावं सगळीकडं येतात. सीस्टारचीच छोटी रेंज बेस्टार, ती १५० एचपीपर्यंतच्या एका मशीनला चालते, आपल्या कामाला असलीच छोटी रेंज पुरते. मुंबईच्या एका दुकानदारानं मला यापेक्षा मोठा सेट आणि सोबत बाजूला लावायचा सिलेंडर सांगितला होता, घ्या म्हणला, सगळं सारखंच असतं. सारखं नसतं. बाजूच्या सिलेंडरला दांडा एकाच बाजूनं बाहेर असतो, त्यामुळं दोन्हीकडं तेल वेगवेगळं लागतं आणि डावीकडं जायचे फेरे आणि उजवीकडं जायचे फेरे सारखे येत नाहीत. समोर बसणाऱ्या सिलेंडरला दांडा दोन्ही बाजूंनी आरपार असतो, दोन्हीकडं सारखं. फक्त त्याला मशीनच्या पुढं जागा लागते, आणि ती जागा मशीन पूर्ण वर उचलून, शिवाय दोन्ही टोकांना वळवून मोजायची. मी आधी मशीन खाली असतानाच मोजली होती, भाच्यानं सहज मशीन वर घेतलं तेव्हा दिसलं की सिलेंडर बोटीच्या मागच्या फळीला घासला असता, मग फळीचा एक तुकडा कापावा लागला.

होज पाइप माझ्याच दुकानात प्रेस करू असं मी ठरवलं होतं, ते सोडून दिलं. आपला तारेचा जाड पाइप ट्रॅक्टरला ठीक, पण इथं पाइप मशीनबरोबर दिवसभर वळणार, वर-खाली होणार, त्याला नरम पाइप लागतो. आणि पाइप कापला की आत रबराचा चुरा राहतो, तो एखादा कण लॉक व्हॉल्व्हमधे जाऊन अडकला तर व्हॉल्व्ह बसतच नाही. कंपनीचेच पाइप घेतले. जोडाला टेफ्लॉन टेप पण लावायची नाही, तिचे दोरे सुटून आत जातात, पातळ सीलंट येतं ते लावायचं. हे मला ट्रॅक्टरच्या कामातनं माहीत होतं, निदान हे तरी.

तेलात मात्र फसलो. दुकानात ६८ नंबरचं हायड्रॉलिक तेल बॅरलनं पडलेलं, तेच पाच लिटर घेऊन गेलो. तेल भरलं, एअर काढली, आणि व्हील जुन्या केबलपेक्षा जड! अक्कानं एकदा फिरवून बघितलं आणि काही न बोलता बाजूला झाली, मला फार वाईट वाटलं. रात्री मॅन्युअल नीट वाचलं तर १५ नंबर. हा नंबर म्हणजे ४० डिग्रीला तेल किती जाड आहे ते, म्हणजे ६८ नंबर हे १५ पेक्षा साडेचार पट जाड. इंजिनचा पंप जाड तेल ढकलतो, त्याला कळत पण नाही, हाताला कळतं. सगळं तेल काढून, १५ नंबरनं दोनदा धुवून परत भरलं. आणि ब्रेक ऑइल कुणी कितीही सांगितलं तरी घालू नका, त्यानं आतली सीलं खराब होतात.

एअर काढायला दोन माणसं लागतातच. मी व्हीलवर आणि भाचा मागं. हेल्मच्या तोंडावर तेलाची बाटली नळी लावून उलटी टांगायची, ती रिकामी होऊ द्यायची नाही, झाली की परत हवा आत. व्हील उजवीकडं शेवटपर्यंत न्यायचं, मग मागच्यानं सिलेंडरच्या उजवीकडचं निपल, म्हणजे हवा सोडायचं बारीक तोंड, सैल करायचं आणि सिलेंडर हलू नये म्हणून हातानं घट्ट धरायचा, मग व्हील डावीकडं फिरवायचं, आधी फसफस फेस येतो, मग स्वच्छ तेलाची धार, धार आली की निपल बंद. मग तसंच दुसऱ्या बाजूनं. आम्हाला तीन वेळा करावं लागलं, एका बाटलीत भागेल असं वाटलं होतं, दुसरी फोडावी लागली. एअर राहिली की व्हील स्पंजासारखं लागतं. पक्कं बघायचं असेल तर व्हील टोकाला नेऊन अजून दाबून धरा आणि हेल्ममधल्या तेलाकडं बघा, तेलाची पातळी खाली गेली म्हणजे कुठंतरी हवा आहे जी दाबली जातीय.

आणि हेल्म काठोकाठ भरू नका, विशेषतः आपल्याकडं. सोलापूरचा उन्हाळा सांगायला नको, उन्हात उभ्या बोटीचं डॅशबोर्ड हात लावू देत नाही, तेल तापून फुगतं आणि झाकणाच्या भोकातनं बाहेर येतं. मला वाटलं सील गेलं, तसं काही नव्हतं, थोडी जागा सोडली आणि थांबलं.

पहिल्या आठवड्यात दाजींचा फोन, घाबरलेले. जुन्या सवयीनं त्यांनी व्हील सरळ असताना वरच्या बाजूला लाल टेप गुंडाळलेली, आणि आता बोट सरळ जातीय पण टेप बाजूला गेलीय. मला पण क्षणभर धस्स झालं. पण हायड्रॉलिकमधे हे होतंच, व्हील आणि मशीन दातांनी जोडलेलं नसतं, मधे तेल आहे, थोडं थोडं सरकतं. व्हीलला "सरळ" अशी जागाच नसते, मागं मशीनकडं बघायचं किंवा बोटीच्या तोंडाकडं. टेप काढून टाकली. पण टेप रोजच भराभर सरकत असेल किंवा टोकाला गेल्यावर व्हील फिरतच राहत असेल तर तो बिघाड, व्हॉल्व्हमधे कचरा किंवा हवा.

आता अक्का एका हातानं चालवते, दुसरा हात किल स्विचच्या (ओढली की इंजिन बंद होतं त्या) दोरीवर, ती दोरी मी मनगटाला बांधायला लावलीय आणि लाइफ जॅकेटशिवाय कुणाला बसू द्यायचं नाही हे पण. महिन्यातनं एकदा सिलेंडरचा दांडा कापडानं पुसायचा, तेल बघायचं, मागचे नट बघायचे, हे भाच्याकडं दिलंय. उरलेली अर्धी बाटली मागच्या फळीखाली फडक्यात गुंडाळून ठेवलीय, वर मार्करनं लिहिलंय, "स्टेअरिंग, १५ नंबर, दुसरं घालू नये".